मधला रकाना

परशुराम कळंबटे रोज सकाळी पावणेसातला प्रयोगशाळेचं कुलूप काढत, दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत ढकलत आणि लगेच आत जात नसत. उंबऱ्यावर उभं राहून डोळे मिटत आणि नाकाने एक लांब श्वास घेत. रात्रभर कोंडलेली हवा त्यांना सगळं सांगायची. अमोनियाचं बूच सैल राहिलंय. तिसऱ्या टेबलाखाली कुणीतरी ॲसिटोन सांडलंय. मागच्या बेसिनमध्ये पाणी तुंबलंय. मग ते सरळ त्या त्या जागी जात, बूच दाबून बसवत, फडकं फिरवत आणि सगळ्यात शेवटी खिडक्या उघडत. शनिवारी कधी मी आईबरोबर कॉलेजात गेले, तर मलाही उंबऱ्यावर उभं करून विचारत, "काय येतंय?" मला नेहमी एकच वास यायचा, प्रयोगशाळेचा. ते म्हणत, "असा वास नसतो. प्रत्येकाचा वेगळा असतो. एकेक सुटा करायचा."

माझी आई, सुमेधा, रत्नागिरीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. परशुरामकाका तिच्या विभागातले परिचर. मुलं त्यांना परशुराममामा म्हणत. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, बर्नर पेटवून द्यायचे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी अज्ञात मिश्रणं तयार करून त्यांच्यावर क्रमांक चिकटवायचे, हे सगळं त्यांच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो वाजला की वर्गातल्या मुलांना कळायचं, मामा आले.

फार थोड्यांना हे माहीत होतं की १९८० साली आई आणि परशुरामकाका त्याच खोलीत शिकत होते. आईचं माहेरचं आडनाव कानडे. हजेरीत कळंबटेंच्या लगेच नंतर. त्यामुळे दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे. मी आईला एकदा विचारलं, तेव्हा तू त्यांना काय हाक मारायचीस. ती म्हणाली, काहीच नाही. आमच्या वेळी मुली मुलांना हाक मारत नसत. ब्युरेट हवी असली की हात पुढे करायचा.

पहिल्या वर्षी परशुरामकाकांना आईपेक्षा अकरा मार्क जास्त होते. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यांचा मोठा भाऊ सदू गिरणीत होता आणि त्याच्या मनीऑर्डरवर इथलं शिक्षण चालायचं. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही, मार्चमध्ये भाऊच परत आला. परशुरामकाकांनी परीक्षा दिली नाही. हातखंब्याच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव, तिथे डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी लावायला गेले. जूनमध्ये कॉलेजात परिचराची जागा निघाली आणि ते परत आले. ज्या टेबलावर परीक्षा द्यायची होती ते टेबल पुसायला लागले. आई पुढे एम.एस्सी. करून आठ वर्षांनी तिथेच शिकवायला आली, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बसा मॅडम." त्या दिवसापासून ते मॅडम म्हणत आणि ती कळंबटे म्हणे.

हे असंच चाललं असतं. पण १९९८ साली त्यांच्या मुलीचं, आरोहीचं नाव मोठ्या शाळेत घालायचं होतं. फॉर्ममध्ये वडिलांचं शिक्षण असा एक रकाना होता. त्यांनी लिहिलं, 'बी.एस्सी. (अपूर्ण)'. शाळेतल्या कारकुनाने त्यावर काट मारून 'बारावी' लिहिलं. अपूर्ण असं काही शिक्षण नसतं, म्हणाला. चुकीचं काहीच बोलला नव्हता. महिना गेला. मग एका दुपारी आई जर्नल्स तपासत बसली होती, तेव्हा परशुरामकाका टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. पहिल्या वर्षाची मार्कशीट किती वर्षं चालते?"

आईने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, आरोहीसाठी काही विचारताहेत. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला, तेव्हा तिला समजलं.

विद्यापीठाचं उत्तर यायला सात महिने लागले. पहिलं वर्ष ग्राह्य. अभ्यासक्रम बदललेला असल्याने दुसरं आणि तिसरं वर्ष नव्याने, आणि नियमित विद्यार्थी म्हणून, कारण प्रात्यक्षिकांची हजेरी लागते. प्राचार्यांनी परवानगी दिली. सकाळची व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं विद्यार्थी म्हणून, बाकीची ड्युटी संध्याकाळी भरून काढायची. अर्जाच्या खाली त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'दोन वर्षांकरिता. मुदतवाढ मिळणार नाही.' म्हणजे कुठेही एकदा अडखळलं की संपलं. काकांनी तो कागदही त्याच पिशवीत ठेवला.

त्यांची बायको कमळा हे ऐकून म्हणाली होती, "सतरा वरसां ज्या नळ्या धुतल्यात, त्याच धुवायची परीक्षा काय?" काकांनी हे आईला हसत सांगितलं, पण आईला ते हसणं फारसं खरं वाटलं नाही.

जून १९९९. आईने दुसऱ्या वर्षाची हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि 'कळंबटे परशुराम' हे नाव पुकारलं. शेवटच्या बाकावरून खाकी शर्टातून उत्तर आलं, "प्रेझेंट." वर्गात खसखस पिकली. पुढचं नाव घेताना, ती सांगते, जिभेवर कानडे आलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एक प्रकार झाला. तास संपला, आई बाहेर पडली, आणि काका उठले आणि सवयीने डस्टर घेऊन अख्खा फळा पुसून टाकला. सगळी समीकरणं. जागेवर आल्यावर त्यांनी आपल्या वहीकडे पाहिलं, तर निम्मंच उतरलेलं. सावनी नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची, जिभेची तिखट. ती म्हणाली, "मामा, आधी उतरवून घ्या, मग पुसा." सगळे हसले. मग तिनेच आपली वही त्यांच्याकडे सरकवली. दोन वर्षं ते तिच्या वहीतून राहिलेलं उतरवत आणि ती प्रत्येक वेळी हेच वाक्य म्हणत राहिली.

पुस्तकी भाग अवघड गेला, पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रात्यक्षिकाच्या वहीत तीन रकाने असतात. कसोटी, निरीक्षण, अनुमान. काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं. काकांच्या वहीत पहिला आणि तिसरा रकाना भरलेला असायचा आणि मधला रिकामा. पांढऱ्या भुकटीची चिमूट काचेवर घेतली, जरा तिरकी धरली की त्यांना कळायचं, आत काय आहे. सतरा वर्षं त्यांनीच ती मिश्रणं कालवली होती. आई वही परत करायची.

"दिसतंच आहे मॅडम. दिसतं ते काय लिहायचं?"

"तुम्हाला दिसतं. वाचणाऱ्याला दिसत नाही," आई म्हणाली. "मधला रकाना रिकामा असेल तर तिसऱ्याला अर्थ नाही, कळंबटे. तो अंदाज होतो. बरोबर आला तरी अंदाजच."

हे त्यांना लागलं असावं. कारण त्यानंतर त्यांचा मधला रकाना इतका भरू लागला की आईला तो आखडायला सांगावं लागलं. 'अवक्षेप पांढरा', म्हणजे नळीत धरलेला साका पांढरा, एवढं लिहून ते थांबत नसत. 'पांढरा, दह्यासारखा, नळी हलवल्यावर तळाला बसतो, उजेडात ठेवल्यावर पाऊण तासाने कडेने जांभळट.' ती वही अजून आमच्याकडे आहे. मी वाङ्मयाची विद्यार्थिनी, मला त्यातली रसायनं कळत नाहीत. पण पाहणं म्हणजे काय, याबद्दल पुढे मी जे काही वाचलं, त्यातलं फारसं काही त्या वहीपाशी टिकत नाही.

दुसरं वर्ष पार पडलं. तिसरं सुरू झालं आणि स्टाफरूममध्ये कुजबुज वाढली. प्रयोगशाळा सहायक मे अखेर निवृत्त होणार होते. त्या जागेला विज्ञानाची पदवी लागणार होती. कळंबटे पास झाले तर जागा त्यांची, हे उघड होतं. आणि अज्ञात मिश्रणं तेच भरतात, हेही. परीक्षेला महिना उरला असताना कुणीतरी विद्यापीठाला पत्र लिहिलं. त्यावर सही नव्हती. प्रश्न लिहिणारा माणूसच उत्तर लिहिणार आहे, एवढाच मजकूर.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी कळवलं की परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून या उमेदवाराने प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. मिश्रणं ते स्वतः येऊन भरतील. बाकीची तयारी दुसऱ्या परिचराने करायची. दुसरा परिचर म्हणजे बाळा, पावसचा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेला, मनाने सरळ आणि हाताने घाईचा.

काकांनी कमरेचा जुडगा सोडून बाळाच्या हातात दिला. त्याआधी तासभर त्याला सगळं दाखवलं. सगळ्यात जास्त वेळ किपपाशी गेला. किप म्हणजे काचेचे तीन फुगे एकावर एक असलेलं उपकरण. मधल्या फुग्यात लोखंडाच्या सल्फाईडचे काळे खडे, वरून आम्ल. बाजूच्या तोटीची चावी उघडली की आम्ल खड्यांपर्यंत चढतं आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू तयार होतो. मिश्रणातल्या धातूंचा दुसरा गट ओळखायला तो लागतोच, आणि तो गट बाजूला काढल्याशिवाय पुढचे गट तपासता येत नाहीत. वायू विषारी, म्हणून किप मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं. खडे किती मोठे घ्यायचे, आम्ल किती पातळ करायचं, चावीला ग्रीस किती, हे सगळं काकांनी सांगितलं. बाळा मान डोलवत होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या किपची मूळ चावी १९९४ साली फुटली होती आणि काकांनी मोडक्या सामानातली दुसरी घासून बसवली होती. तिचं भोक उलट्या अंगाने होतं. सगळ्या चाव्या आडव्या केल्या की बंद होतात. ही आडवी केली की उघडायची. सात वर्षं ती चावी काकांशिवाय कुणी बंद केली नव्हती. मुलं उघडून ठेवून निघून जायची आणि मामा येऊन फिरवायचे. हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, जिभेपर्यंत कधी आलंच नव्हतं.

ते आठ दिवस काका अंगणातल्या फणसाखाली बसून अभ्यास करत. प्रयोगशाळेची मागची खिडकी तिथून दिसायची. आई म्हणते, ते खिडकीकडे पाठ करून बसत.

परीक्षा एप्रिलच्या मध्यावर. गावात आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस, रस्तोरस्ती पेंढा. सकाळी आठला दहा विद्यार्थ्यांची तुकडी दारापाशी उभी राहिली. कळंबटेंचा क्रमांक सहावा. बाळाने दार उघडलं. मुलं आत गेली. काका उंबऱ्यावर थांबले.

अंतर्गत परीक्षक म्हणून दारापाशी उभ्या असलेल्या आईने ते पाहिलं. ते डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले. ते तिच्या दिशेने एक पाऊल आले आणि म्हणाले, "मॅडम, किप..."

"उमेदवाराने अंतर्गत परीक्षकांशी बोलायचं नाही," बाहेरचे परीक्षक आतून म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आपल्या जागेवर या."

ते जागेवर गेले. आईला काही कळलं नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं. कुजक्या अंड्यांचा तो वास रोजच्यासारखा पुसट नव्हता, शिळा आणि दाट होता. म्हणजे वायू रात्रभर झिरपत होता. बाळाने काल संध्याकाळी किप भरलं, नळीला चिमटा लावला आणि चावी आडवी करून घरी गेला. चिमट्यातून वायू थोडा थोडा निसटत राहून आम्ल जवळजवळ मेलेलं असणार. पहिल्या तीन-चार जणांना वायू पुरेल. पाचव्याला, सहाव्याला काही नाही.

पुढे त्यांनी आईला सांगितलं की त्या पहिल्या तासात त्यांच्या मनात एकच हिशेब चालू होता. आत्ता हात वर करून आधी पत्र्याच्या खोलीत गेलो तर मला वायू मिळेल. क्रमांकाने जायचं असं कुठे लिहिलेलं नाही. कुणाला काही कळणार नाही. आणि त्याच वेळी हेही, की चूक बाळाची नाही.

त्यांनी हात वर केला नाही. ते कोरड्या कसोट्या करत राहिले. कोळशाच्या खळग्यात भुकटी तापवली, कडेने तपकिरी थर आला. मधल्या रकान्यात लिहिलं, 'तपकिरी, थंड झाल्यावरही तसाच.' तिसऱ्यात, 'कॅडमियम असू शकेल, खात्री दुसऱ्या गटात.' पहिला विद्यार्थी मागे जाऊन आला. दुसरा. तिसरा बराच वेळ लावून आला. चौथा आला तेव्हा त्याच्या नळीतलं पाणी जेमतेम गढुळलं होतं. सावनी पाचवी. ती गेली आणि लगेच परत आली, नळी हातात तशीच स्वच्छ. तिच्यासमोर टेबलाशी दोन परीक्षक बसलेले होते, दारात बाळा उभा होता. ती त्यांच्यापैकी कुणाकडेही गेली नाही. तीन वर्षांच्या सवयीने सहाव्या टेबलाकडे वळून म्हणाली, "मामा, गॅस येत नाही."

आणि ते उठले. उठायचं ठरवून उठले नाहीत. सावनीचं वाक्य संपायच्या आत ते टेबलाला वळसा घालून मागच्या दारापर्यंत पोचलेसुद्धा होते, हातात चिमटा, खांद्यावर फडकं.

"कळंबटे, बसा," परीक्षक म्हणाले.

ते थांबले. सगळी प्रयोगशाळा थांबली. बर्नरचा आवाज तेवढा येत होता. परीक्षकांनी बाळाला जाऊन बघायला सांगितलं. बाळा गेला आणि दोन मिनिटांनी आला, कपाळावर घाम. आम्ल आहे, खडे आहेत, पण वायू नाही, म्हणाला. परीक्षकांनी आईकडे पाहिलं. आईने शेवटचं किप उघडलं होतं ते १९८१ साली, आणि तेव्हाही उघडणारे हात कळंबटेंचे होते. सांगायला हवं होतं तिने. या माणसाला जाऊ द्या, जबाबदारी माझी, एवढंच. पण विद्यापीठाला गेलेलं ते निनावी पत्र तिच्या डोक्यात होतं. बोलली तर दोघांवर येईल, असं तिला वाटलं. ती गप्प बसली. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना ती भाजी निवडत होती, वर पाहिलं नाही.

परीक्षक म्हणाले, उमेदवाराने उपकरणांच्या दुरुस्तीला हात लावला तर तो उमेदवार राहत नाही. नियम असा आहे.

काका परत आपल्या टेबलापाशी गेले. आईला वाटलं, बसले. त्यांनी उत्तरपत्रिका उचलली, परीक्षकांच्या टेबलावर आणून पालथी ठेवली आणि त्यावर पेन ठेवलं.

"सर, हा माझा पेपर. आता मी परिचर आहे. पंचवीस मिनिटं लागतील. तोवर पोरांना गॅस न लागणाऱ्या आम्लधर्मी कसोट्या करायला सांगा, त्यांचा वेळ फुकट नको."

परीक्षक काही बोलायच्या आत ते गेले होते. पत्र्याच्या खोलीतून आधी पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काच काचेला घासल्याचा. बाळा दारात उभा होता. त्याने नंतर सांगितलं की काकांनी त्याला आत घेतलं आणि चावीवर त्याचं बोट ठेवून ती दोनदा फिरवली. आडवी, उभी. रागावले नाहीत. म्हणाले, "माझा सांगायचा राहिला, बाळा. तुझा काय चुकला नाय."

सत्तावीस मिनिटांनी ते आले. कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, पुसले आणि परीक्षकांच्या टेबलासमोर उभे राहिले. किल्ल्यांचा जुडगा नसलेला माणूस, हात काय करायचे ते न कळून मागे बांधलेले. सावनी तोवर पत्र्याच्या खोलीत गेली होती. तिच्या नळीत काळाभोर अवक्षेप आला होता.

परीक्षकांनी पालथी उत्तरपत्रिका जवळ ओढली. मग त्यांनी ती सुलट केली. समासात दोन वेळा लिहिल्या, गेल्याची आणि आल्याची, आणि सही केली. त्यांनी सांगितलं की मी हा पेपर परत देतोय, ही माझ्या अधिकारातली गोष्ट आहे. पण वाढीव अर्धा तास बाकीच्यांना मिळेल, तुम्हाला नाही. आणि तुम्ही स्वतः हाताळलेल्या उपकरणापाशी तुम्हाला परत जाता येणार नाही. वायूशिवाय जेवढं होईल तेवढं करा.

जेवढं होईल तेवढं म्हणजे निम्मं. काका जागेवर बसले. कॅडमियमचा अवक्षेप पिवळा येतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तपकिरी थर त्यांनी पाहिलेला होता. 'पिवळा' हा एक शब्द मधल्या रकान्यात पडला असता, तर तिसऱ्यातलं 'असू शकेल' खोडून 'आहे' करता आलं असतं आणि अठरा मार्क पुरे. आई त्यांच्या मागून दोनदा फिरली. दुसऱ्या वेळी तिने मुद्दाम पावलं हळू टाकली. तिला ते लिहायला हवं होतं, असं ती म्हणते. ती मनात म्हणत होती, लिहा, लिहा.

वेळ संपली. सगळ्यांच्या आधी त्यांचा पेपर गोळा झाला. परीक्षकांनी तिथेच चाळला आणि दुसऱ्या गटापाशी थांबले. पहिल्या रकान्यात कसोटी लिहिलेली होती. मधल्यात लिहिलं होतं, 'केली नाही.' तिसरा कोरा.

"आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"हो सर."

"मग लिहिलं का नाही?"

"बघितलं नाही," परशुरामकाका म्हणाले.

परीक्षकांनी मान हलवली. आईकडे वळून त्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी आणायला काकाच उठले. यावेळी त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

त्या दिवसापासून निकालापर्यंत अडीच महिने गेले. त्या काळात काका सकाळी दार उघडून उंबऱ्यावर थांबत की नाही, हे मी आईला विचारलं होतं. थांबत, पण आधीपेक्षा जास्त वेळ, असं ती म्हणाली. प्राचार्यांच्या लाल शाईत बदल होणार नव्हता. प्रात्यक्षिकात शंभरपैकी पस्तीस लागत.

जूनच्या शेवटी निकाल लागला. त्यांना सदतीस होते. बाकीच्या विषयांत बरे, एकूण पास क्लास. सावनीने भर पावसात पेढे आणले आणि त्यांच्या हातात ठेवत म्हणाली, "मामा, आधी उतरवून घ्या, मग पुसा." ते हसले. आईने या खेपेला मला सांगितलं की ते हसणं खरं होतं. पुढच्या वर्षी आरोहीच्या फॉर्मवर त्यांनी 'बी.एस्सी.' लिहिलं. कारकून तोच होता. त्याने पुरावा मागितला, त्यांनी पिशवी काढली.

सहायकाची जागा मात्र भरलीच गेली नाही. वरून आदेश आला, ती रिकामी ठेवायची. काकांनी परिचर म्हणूनच काम केलं, सहायकाचंही केलं. फक्त एक बदल झाला. किपच्या चावीला त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली, 'आडवी - उघडी, उभी - बंद.' मग एक शंभरपानी वही आणली आणि त्या प्रयोगशाळेतल्या अशा सगळ्या गोष्टी तीत लिहायला घेतल्या, ज्या फक्त त्यांच्या हातांना माहीत होत्या. सातवा नळ दाबून फिरवायचा. तराजूचं डावं पारडं ओल्या हवेत जड दाखवतं. पानापानावर तीन रकाने आखलेले होते. ती वही आज बाळाकडे आहे आणि तो ती कुणाला देत नाही.

२००७ च्या दिवाळीच्या सुट्टीत परशुरामकाका गावी गेले आणि तिथे खळ्यात बसले असताना गेले. कमळाकाकी म्हणाल्या, पाण्याचा तांब्या हातात होता. सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी त्यांनी खिडक्या लावल्या होत्या आणि निघताना आईच्या टेबलापाशी थांबले होते.

"मॅडम, अमोनियाची नवी बाटली वरच्या फळीवर ठेवलीय. बूच घट्ट वाटतंय, पण मी अजून उघडून बघितलं नाही."